शेजारच्या टेबलावरचा फोन



आपण कार्यालयात कामात आहात. शेजारच्या टेबलाशी दोन सहकारी कालच्या पावसाबद्दल बोलत उभे आहेत. त्यांचं बोलणं कानावर पडतं, पण आपली नजर कागदावरून हलत नाही. थोड्या वेळानं ते दोघे जातात आणि तिथलाच तिसरा सहकारी फोन उचलतो. तोही तेवढ्याच आवाजात बोलतो. "हो... मग डॉक्टर काय म्हणाले?... अरे बापरे... बरं, पुढे?" आणि आपली बेरीज चुकते. बोलणारा माणूस एकानं कमी झाला, तरी त्रास मात्र वाढला. असं का होत असावं?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधक लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकाच्या पडद्यावर लक्ष ठेवून करायची कामं त्यांनी काही जणांना दिली आणि त्या वेळी वेगवेगळी संभाषणं ऐकवली. दोघांचं पूर्ण संभाषण ऐकताना कामात फरक पडला नाही. एकट्यानंच सांगितलेली हकिगत ऐकतानाही नाही. फोनवरच्या संभाषणाची एकच बाजू ऐकवली, तेव्हा मात्र चुका वाढल्या. मग त्यांनी तीच एक बाजू अशी बोथट करून ऐकवली की आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. त्रास नाहीसा झाला.

ऐकलेल्या वाक्यावरून पुढचं वाक्य काय असेल याचा अंदाज आपलं मन सतत बांधत असतं. दोन्ही बाजू ऐकू येत असल्या तर तो अंदाज बहुतेक वेळा जुळतो आणि मन निर्धास्त राहतं. एकच बाजू असली की जोडकाम अर्धवट राहतं आणि न ऐकलेली बाजू भरून काढायला मन आपलं आपण धावतं. म्हणून "लक्षच देऊ नका ना" हा सल्ला निरुपयोगी आहे. लक्ष आपण देत नाही, ते ओढून नेलं जातं. फोनवरच्या बोलण्यानं त्रासणाऱ्या सहकाऱ्याला चिडखोर ठरवण्याआधी एवढं ध्यानात घ्यायला हवं.

जुन्या कार्यालयांत टंकलेखन यंत्रांची खडखड असायची, छताचे पंखे घरघरत असायचे. तो आवाज आजच्यापेक्षा मोठाच होता, पण त्याला अर्थ नव्हता. उलट त्या घरघरीत चार टेबलांपलीकडचं बोलणं विरून जायचं. आज वातानुकूलित, शांत, भिंती नसलेल्या दालनात हळू बोललेला शब्दही दूरवर स्पष्ट पोचतो. अशा दालनांच्या ध्वनीमापनासाठी २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरवलं गेलं. त्यात बोलणाऱ्यापासून किती अंतरावर शब्दांची स्पष्टता ठरावीक पातळीखाली जाते, हे मोजलं जातं. नवं कार्यालय सजवताना खुर्च्यांचा रंग निवडायला जेवढा वेळ देतात, त्याच्या निम्मा वेळ तरी या अंतराला द्यावा, असं मला कळकळीनं वाटतं.

बोलणारा माणूस मुद्दाम ओरडतो असंही नाही. पलीकडचा आवाज क्षीण आला की आपण नकळत आपला आवाज चढवतो. ट्रंक कॉलच्या दिवसांत घराघरांत हेच व्हायचं. शिवाय भोवतीचा गलबला वाढला की माणसाचा आवाज आपोआप वाढतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञानं १९११ मध्येच दाखवून दिलं होतं. दालनात एक जण फोनवर मोठ्यानं बोलू लागला की दुसरा त्याच्यावर आवाज काढतो, मग तिसरा. त्यामुळे "हळू बोला" अशी पाटी फारशी उपयोगी पडत नाही. जिन्यापाशी, गच्चीच्या दारात किंवा रिकाम्या बैठकीच्या खोलीत बोलायला जागा ठेवणं हा उपाय जास्त खात्रीचा.

टेबलावर फोन ठेवून जेवायला गेलेल्या माणसाचा प्रश्न याहून अवघड. फोन वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. दुसऱ्याच्या फोनला हात कसा लावायचा, म्हणून सगळे ऐकत राहतात. न उचललेला फोनही किती नुकसान करतो, हे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं. कामात असताना फोन आल्याची किंवा संदेश आल्याची नुसती सूचना मिळाली, त्या फोनला कुणी हातही लावला नाही, तरी चुका वाढल्या. कोणाचा असेल, काय असेल, हा विचार एकदा सुरू झाला की पुरे. आणि तो लाकडी टेबलावर थरथरणारा फोन! थरथरता ठेवला म्हणजे गप्प केला, असं नव्हे. टेबलाचा पृष्ठभाग त्याचा ढोल करतो. खिशात ठेवा, नाही तर रुमालावर.

स्पीकर लावून बोलणं आणि आलेले व्हिडिओ मोठ्यानं वाजवणं, याला माझ्या मते कोणतीच सबब नाही. मुंबईत बेस्टनं २०२३ मध्ये बसगाड्यांत इअरफोनशिवाय गाणी आणि व्हिडिओ ऐकायला मनाई केली. बसमधला सहप्रवासी अर्ध्या तासात उतरून जातो. कार्यालयातल्या सहकाऱ्याला संध्याकाळपर्यंत तिथेच बसायचं असतं.

नियम आपल्याकडे आहेतही. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागानं जुलै २०२१ मध्ये शासकीय कार्यालयांसाठी सूचना काढल्या. कार्यालयीन कामासाठी शक्यतो तिथला दूरध्वनी वापरावा, मोबाइलवर सौम्य आवाजात बोलावं, खाजगी फोन दालनाबाहेर जाऊन घ्यावा, बैठकीत फोन सायलेंट असावा, असं त्यात सांगितलं आहे. चांगल्याच सूचना आहेत. पण त्या अमलात यायच्या तर सुरुवात वरून व्हायला हवी. नवीन लागलेली लिपिक "साहेब, जरा हळू" असं म्हणू शकत नाही. साहेब स्वतः फोन घेऊन दालनाबाहेर गेले, तर दुसऱ्या दिवशी बाकीचे आपसूक बाहेर जातात.

आणि काही फोन वाजलेच पाहिजेत, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. कुणाची आई रुग्णालयात असते, कुणाचं मूल पाळणाघरात. घरच्या अडचणीचा फोन बहुतेक घरांत बाईलाच येतो, मग सरसकट बंदीचा भारही तिच्यावरच पडतो. "आज घरी आजारपण आहे, माझा फोन चालू राहील," असं सकाळी शेजारच्यांना सांगून ठेवलं तर एकही सहकारी कुरकुरणार नाही. घरच्यांसाठी एक वेगळी, हळुवार रिंगटोन लावता येते आणि बाकीचे फोन गप्प ठेवता येतात. ही सोय आजच्या बहुतेक फोनमध्ये आहे. ज्यांना ती लावता येत नाही, त्यांना शेजारच्या तरुण सहकाऱ्यानं पाच मिनिटं बसून लावून द्यावी.

आता खिडकीपलीकडच्या माणसाबद्दल. बँक असो, तहसील असो वा टपाल कार्यालय, तिथली जागा फक्त कर्मचाऱ्यांची नसते. गावाहून पहाटेची एसटी धरून आलेले आजोबा तासभर रांगेत उभे राहून खिडकीशी पोचतात, कागद पुढे करतात आणि तेवढ्यात आतला फोन वाजतो. कर्मचारी तो घेतो. घरी बसून नंबर फिरवणारा माणूस त्या क्षणी रांगेतल्या सगळ्यांच्या पुढे गेलेला असतो. आजोबा काही बोलत नाहीत, कारण काम अडलेलं त्यांचं असतं. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते. अशा वेळी फोन घ्यावाच लागला, तर "समोर एक गृहस्थ उभे आहेत, त्यांचं काम झालं की मी फोन करतो" एवढं म्हणायला पाच सेकंदही लागत नाहीत. आणि ते आजोबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावं.