कोवळ्या खांद्यावरचे यश



कोवळ्या वयाचे सामर्थ्य नंदुरबारकरांना आम्ही काय सांगावे? 9 सप्टेंबर 1942 रोजी शाळकरी शिरीषकुमारने याच गावी गोळ्या झेलल्या. ते त्याने स्वतः पत्करले होते. आजचा प्रश्न निराळा आहे. मुलाला एखादी गोष्ट साधते, म्हणून ती त्याच्याकडून रोज, वर्षानुवर्षे, पैशासाठी करून घ्यावी काय?

शिकागोच्या अँड्रिया येगरची हकीकत पाहा. जन्म 1965 चा. 1980 साली, अवघी चौदा वर्षांची असताना, ती धंदेवाईक टेनिसपटू झाली. वडीलच तिचे शिक्षक. पुढच्याच वर्षी ती जगात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. 1982 मध्ये फ्रेंच स्पर्धेची आणि 1983 मध्ये विंबल्डनची अंतिम फेरी तिने गाठली. दोन्ही वेळा मार्टिना नवरातिलोवाने तिला हरवले. तेव्हा तिचे वय अठरा. मग खांदा दुखावला, आणि विशीच्या उंबरठ्यावरच तिचा खेळ जवळजवळ संपला. पुढे तिने आपले आयुष्य कर्करोगग्रस्त मुलांच्या सेवेला वाहिले.

ती एकटी नव्हे. ट्रेसी ऑस्टिनने 1979 मध्ये सोळाव्या वर्षी अमेरिकन स्पर्धा जिंकली. पाठीच्या दुखण्याने तिचे उमेदीचे दिवस लवकरच सरले. जेनिफर कॅप्रियाती 1990 मध्ये तेराव्या वर्षी या धंद्यात उतरली आणि 1993 मध्ये कंटाळून दूर झाली. ती परतली, पण साऱ्यांनाच परतता येते असे नाही.

याचे कारण गूढ नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चा असते, ती अजून टणक झालेली नसते. डोक्यावरून चेंडू हाणताना तोच झटका तोच खांदा शेकडो वेळा सोसतो. विश्रांती नसेल तर इजेचा धोका वाढतो. अखेर 1995 पासून महिला टेनिसच्या संघटनेने वयाचे बंधन घातले: चौदाच्या आत धंदेवाईक स्पर्धा नाहीत, आणि अठरापर्यंत त्यांची संख्या मर्यादित.

आपल्या शेतकऱ्याला हे शास्त्र शिकवावे लागत नाही. पथारीवर वाळवायची मिरची तो झाडावर लाल होऊ देतो. हिरवी तोडली तर रंग चढत नाही, हे त्याला ठाऊक असते. मुलांच्या बाबतीत मात्र आपण घाई करतो, मग ते मैदान असो की परीक्षा.

म्हणून आमची विनंती एवढीच, की मूल जिंकून घरी आले म्हणजे कौतुक अवश्य करा. पण त्याला विसावा मिळतो का, आणि त्याला स्वतःला खेळावेसे वाटते का, हे आधी विचारा.