वसईच्या बँडची कुळकथा

वसईकडील ख्रिस्ती घरीं लग्नाचा मांडव पडला कीं दारांत बँड वाजूं लागतो. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि मोठा ढोल पाहून परका पाहुणा तो सारा थाट विलायती ठरवितो. वाद्यें विलायती आहेत, हें खरें. परंतु त्यांतून निघणाऱ्या सुरांचें कूळ तेवढ्यानें सांगून होत नाहीं.

१५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांच्या चर्चांबरोबर लॅटिन उपासनागीतें आलीं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला. पोर्तुगीजांचें राज्य गेलें. ख्रिस्ती समाज व त्याचें गायन मात्र येथेंच राहिलें.  लग्नाच्या विधींना बायका गात, तें आपल्या सामवेदी वा वाडवळी बोलींत. तिकडे गोमंतकांत फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं प्रसिद्ध झालें, तेंही मराठी ओवींत. नवा धर्म आला, पण त्यास जुन्या छंदाचा आधार घ्यावा लागला.

पितळी वाद्यांचे बँड आपल्याकडे इंग्रजी पलटणींमुळें रुजले. पूर्वीच्या साध्या कर्ण्यांतून मोजकेच सूर निघत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्याला कळा बसविण्यांत आल्या आणि तीन बोटांनीं सप्तकांतील बाराही सूर वाजूं लागले. त्यामुळें चर्चमधील गीत, घरगुती चाल आणि पुढें बोलपटांतील गाणें, हें सर्व एकाच वाद्यांत मावलें. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषांस वाव दिला. तेव्हांपासून चर्चमध्येंही मराठी सूर घुमूं लागला.

२००९ पासून वसई-विरार ही महानगरपालिका आहे. वाड्यांच्या जागीं इमारती उठत आहेत आणि तरुणांच्या हातीं गिटार आली आहे. त्यांत वाईट कांहींच नाहीं. ट्रम्पेटही एके काळीं परकाच होता. परंतु ट्रम्पेट आला तेव्हां मांडवांत गाणाऱ्या बायका होत्या. त्यांचीं बरीच गाणीं वहींत उतरलेलीं नसावींत. तीं केवळ म्हाताऱ्यांच्या कंठांत आहेत. वाद्य केव्हांही विकत मिळेल, पण हरवलेली चाल कोणत्याही दुकानांत मिळणार नाहीं. नवा बँड काढणाऱ्या तरुणांनीं आधीं आजीपाशीं बसावें, तें एवढ्याचसाठीं.