सायकलस्वाराचा वाटाड्या



१८२३ साली हिंगणघाटच्या मुक्कामी विल्यम लॅम्बटन हा मोजणी-अधिकारी निवर्तला, आणि १८०२ साली मद्रासेत आधाररेषा मोजून भरतखंडाच्या त्रिकोणमितीय मोजणीचे जे काम त्याने हाती घेतले होते, ते तेथून पुढे इतरांनी चालविले. अर्ध्या टनाचे थिओडोलाइट हे कोन मोजण्याचे यंत्र माणसांकरवी टेकड्यांवर आणि गोपुरांवर चढवून तो स्थाननिश्चिती करीत असे. आज सायकलच्या हँडलवर बसविलेले शंभर ग्रॅमांच्या आसपासचे जीपीएस यंत्र तीच गोष्ट दर सेकंदास करते. हे यंत्र कसे निवडावे आणि कसे वापरावे, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आणि यंत्राच्या निवडीचा प्रश्न हा मूलतः नकाशाच्या निवडीचा प्रश्न आहे, हे माझे म्हणणे मी आरंभीच आपणापुढे ठेवतो.

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह आपापली वेळ सतत प्रक्षेपित करीत असतात, आणि निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचावयास लागलेल्या वेळेवरून यंत्र आपले स्थान काढते. वेळेत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तर अंतरात सुमारे ३०० मीटरांची चूक होते, यावरून त्या घड्याळांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. मे २००० पर्यंत अमेरिकेचे सरकार मुलकी वापराच्या संदेशात बुद्ध्याच दोष ठेवीत असे. तो काढून टाकल्यापासून उघड्या आकाशाखाली सामान्य मोबाइलदेखील काही मीटरांच्या आत स्थान सांगतो. ढगांनी त्यास बाध येत नाही. ताम्हिणीसारख्या घाटातील उभे कडे आणि ओली गर्द झाडी यांनी मात्र येतो. तात्पर्य, ‘मी कोठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर स्वस्त आणि महाग यंत्रे जवळजवळ सारखेच देतात. ‘मी कोठून जावे’ हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे उत्तर उपग्रहाजवळ नाही.

मोटारीसाठी मार्ग आखणाऱ्या प्रणालीवर विसंबून पुण्याहून मुंबईस निघालेला सायकलस्वार थेट द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो, आणि तेथे तर सायकलीस मज्जाव आहे. उलट, सर्वांत जवळचा मार्ग शोधावयास सांगितले की प्रणाली पाणंदीला रस्ता समजते. नीरेच्या कालव्याच्या मुलखातून बारामतीकडे जाताना, श्रावणातल्या एका संध्याकाळी, तीन किलोमीटर वाचविण्याच्या मोहाने मी अशा एका रेषेमागे गेलो. दोहों बाजूंस उभा ऊस, मधे काळी माती. शंभर पावलांत ती माती चाकाच्या आणि ब्रेकच्या सांदीत अशी घट्ट बसली की चाक फिरेना, आणि सायकल खांद्यावर घेऊन दीड तास चालल्यावर मी डांबरी रस्त्याला लागलो. यंत्राने माझे स्थान त्या चिखलातही अचूक सांगितले होते. कसूर होती ती नकाशाच्या दप्तरात: तेथे त्या वाटेची लांबी नोंदलेली होती, जात नोंदलेली नव्हती.

म्हणून खरेदीपूर्वी दुकानात पहिली चौकशी करावी ती ही, की या यंत्रात कोणता नकाशा आहे, तो इंटरनेटवाचून उघडतो काय, आणि तो अद्ययावत करण्याची तजवीज काय. सायकलच्या पुष्कळशा यंत्रांतील नकाशे ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या २००४ साली इंग्लंडात सुरू झालेल्या लोकनिर्मित नकाशावर आधारलेले असतात. त्यात वाट डांबरी की कच्ची हे नोंदविण्याची सोय आहे. परंतु ती नोंद कोणा माणसाने केलेली असेल तरच यंत्रास कळते.

चढाच्या आकड्यांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण घाट चढणाऱ्याचे सारे नियोजन त्यांवर उभे असते. वायुभारमापक असलेले यंत्र हवेच्या दाबावरून उंची काढते. एक मिलिबार म्हणजे सुमारे आठ मीटर असा तो हिशेब आहे, आणि त्यामुळे हवा पालटली की पसरणी घाटाच्या माथ्यावर स्वस्थ उभा असलेला मनुष्यही दहावीस मीटर चढला वा उतरला असे दिसते. मार्ग आखणाऱ्या प्रणाली उंची घेतात ती बहुधा अवकाशातून केलेल्या रडार-मोजणीवरून. फेब्रुवारी २००० मधल्या तशा एका मोहिमेत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची मोजणी अकरा दिवसांत झाली. परंतु तिचे चौकोन ३० मीटरांचे असल्याने कड्याला बिलगून जाणाऱ्या रस्त्याची रेषा किंचित सरकली, तरी कड्याची उंची रस्त्याच्या खाती जमा होते. निघताना ज्ञात उंचीच्या ठिकाणी यंत्र जुळवून घ्यावे, आणि आखणीतील एकूण चढापेक्षा प्रत्येक चढाची लांबी नि तीव्रता पाहावी.

मोबाइल की स्वतंत्र यंत्र, याचा निर्णय अंतरावर अवलंबून आहे. सिंहगडच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्यास मोबाइल पुरे. ज्यास २०० किलोमीटरांची बीआरएम, म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करावयाची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत किंवा ६०० किलोमीटरांची ४० तासांत पुरी करावयाची आहे, त्याने मात्र बटनांचे स्वतंत्र यंत्र घ्यावे. कारण पावसाच्या थेंबांनी मोबाइलचा पडदा भलतीच आज्ञा स्वीकारतो, उन्हात तो तापून बंद पडतो, आणि संकटसमयी फोन करावयास त्यात विद्युत् उरणे अगत्याचे असते. पॉवर बँक तरीही जवळ असावीच.

मार्ग आदल्या दिवशी घरी बसून आखावा, संशयित फाटे उपग्रहचित्रांत पाहून खातरजमा करावी, आखलेल्या मार्गाची जीपीएक्स फाइल यंत्रात घालावी, आणि वाट चुकल्यास नवा मार्ग आपोआप काढण्याची सोय बंद ठेवावी. नाहीतर टाळलेली पाणंदच यंत्र पुन्हा पुढे करते. वाटेतल्या गावांची नावे क्रमाने एका कागदावर लिहून खिशात ठेवण्याचा माझा परिपाठ आहे. पारावरच्या माणसास रेषा दाखवून उपयोग नसतो; गावाचे नाव घेतले की तो हात करून वाट दाखवितो, पूल वाहून गेल्याचेही सांगतो.

त्या उसातल्या वाटेसंबंधी सांगावयाचे राहिले. घरी परतल्यावर मी त्या लोकनिर्मित नकाशात तिची ‘कच्ची, मातीची’ अशी नोंद केली; त्यास पाच मिनिटे लागली. पुढील वर्षी, नकाशा अद्ययावत केल्यानंतर, त्याच यंत्राने त्याच फाट्यावरून मला सरळ डांबरी रस्त्याने नेले.