पाडण्याआधी मोजून घ्या



मी आर्किटेक्ट. तीस वर्षं नवी घरं बांधली, कॉलेजात शिकवलं, जुने वाडे दुरुस्त केले. तिन्ही कामांत पहिल्यांदा हातात घेतला तो टेप. आज त्याच्याबद्दलच बोलतो.

मुंबईच्या सर जे. जे. मध्ये क्लॉड बॅटली आर्किटेक्चरचे प्राध्यापक होते. मुंबई सेंट्रल स्टेशनची १९३० ची इमारत त्यांच्याच फर्मची. पण मला त्यांचं मोठेपण वाटतं ते वेगळ्या कामात. ते विद्यार्थ्यांकडून जुनी देवळं, वाडे मोजून घ्यायचे, खांबाच्या नक्षीसकट कागदावर उतरवून घ्यायचे. त्यांच्या हाताखाली मालवणजवळच्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे शिकले. पुढे कानविंदे यांनी आयआयटी कानपूरचा परिसर रचला. काम काँक्रीट आणि विटांचं, नव्या काळाचं. पण तिथल्या सावलीच्या वाटा आपल्याच उन्हापावसाच्या ओळखीतून आलेल्या.

माझ्या विद्यार्थ्यांना मी वाड्याच्या सोप्यात नेतो. पोरं चार भिंती मोजतात, झोकात चौकोन काढतात. मग म्हणतो, आता कर्ण मोजा. एक भरतो वीस फूट, दुसरा वीस फूट पाच इंच! गवंड्याचा गुण्या चुकला होता? नाही. गल्ली तिरकी होती, त्यानं भिंत गल्लीच्या अंगानं घेतली.

उमेदीत माझ्या हातून एक चूक झाली. दगड-चुन्याच्या ओल्या भिंतीला मी सिमेंटचा गिलावा करवला. दोन पावसाळ्यांत पोपडे पडले आणि आतला चुना भुगा होऊन माझ्या तळहातावर आला. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं. ती भिंत मी अजून विसरलेलो नाही.

आणि ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कोल्हापूरकर कसे विसरतील? शाहू महाराजांनी १९१५ साली पूर्ण केलेलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह डोळ्यांदेखत जळालं. अशी वास्तू पुन्हा उभी करायची तर नुसत्या आठवणी पुरत नाहीत. रंगमंच किती रुंद, छत किती उंच, तुळई किती जाड, हे कागदावर लागतं.

आपल्या उचगावातही कौलं उतरून स्लॅब पडताहेत. पडू देत, गळक्या छपराखाली कुणी राहावं असं मी म्हणणार नाही. पण पहार लागण्याआधी, या मे महिन्यात, आपलं घर मोजा. सोपा, माजघर, परडं, सगळं. तुळई कुठल्या लाकडाची, हे आजोबांना विचारा. चौकटीवर काही कोरलं असेल तर तेही उतरवा. ते कागद शाळेत आणून द्या. मुख्याध्यापकांनी त्यासाठी एक कपाट द्यायचं कबूल केलंय.

पंचवीस टेप मी सोबत आणलेत. बक्षिसांच्या टेबलाशेजारी खोक्यात ठेवलेत. जाताना घेऊन जा.