विद्यापीठांचे करार : एका कामगाराच्या नजरेतून



देशोदेशींच्या विद्यापीठांच्या सहकार्यावर बोलायला विद्यापीठाची पायरी न चढलेल्या माणसाला बोलावले, याचे काहींना नवल वाटले असेल. माझे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु करार वाचणे हे माझे तीस वर्षांचे काम आहे, आणि दोन विद्यापीठांचे सहकार्य हाही शेवटी एक करारच असतो. करार हाती आला की आम्ही तीन गोष्टी पाहतो. मुदत किती? पैसा कोणाचा? आणि मुदत सरल्यावर आमच्या हाती काय उरणार?

या कसोट्या लावायला जुने उदाहरण घेऊ. देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रशिक्षणसंस्था काढाव्यात, अशी शिफारस सरकार समितीने १९४६ साली केली. खरगपूरची संस्था १९५१ साली निघाली. पुढच्या चार संस्थांना चार देशांनी हात दिला. मुंबईला सोव्हिएत रशियाने युनेस्कोमार्फत, मद्रासला पश्चिम जर्मनीने, कानपूरला अमेरिकेने आणि दिल्लीला ब्रिटनने. जग तेव्हा दोन गोटांत विभागलेले होते. आपण दोन्ही गोटांकडून शिकलो, ही लहान गोष्ट नव्हे.

मुंबईच्या संस्थेचे वर्ग जुलै १९५८ मध्ये सुरू झाले ते पवईला नव्हे, तर वरळीला, कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांच्या 'सस्मिरा' या संशोधनसंस्थेच्या इमारतीत. विद्यार्थी होते १००. पुढे युनेस्कोच्या योजनेतून रशियातले ५९ तज्ज्ञ आले, १४ तंत्रज्ञ आले, आणि आपल्या अध्यापकांना तिकडे शिकण्यासाठी २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या.

मंडळी, यातल्या १४ या आकड्यापाशी मी थांबतो. प्राध्यापकाची विद्या पुस्तकात छापता येते. यंत्र जुळवणाऱ्याची, आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्याची विद्या त्याच्या हातात असते. ती त्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावी लागते. मद्रासलाही जर्मन प्राध्यापकांबरोबर फोरमन आले होते. करार करणाऱ्यांना एवढे नक्की कळत होते की, नुसती यंत्रे पाठवली तर ती दोन वर्षांत धूळ खात पडतील.

कानपूरचा करार मुदतीच्या दृष्टीने पाहा. प्रिन्स्टन, पर्ड्यू, मिशिगन, कॅलिफोर्निया अशा नऊ अमेरिकन संस्था १९६२ पासून दहा वर्षे तिथे राबल्या. १९६३ साली संगणक आला आणि त्यावर मुले शिकू लागली. १९७२ साली कार्यक्रम संपला. शिकवणे मात्र थांबले नाही. चांगल्या कराराची खूण हीच. देणारा निघून गेला तरी घेणाऱ्याचा चुलीवरचा तवा उतरत नाही.

खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे. या संस्थांतून शिकलेले पुष्कळ तरुण परदेशी गेले आणि तिथेच राहिले. त्यांना मी दोष देत नाही. पण ज्यांच्या करातून त्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांना परतफेडीची एक ओळही करारात नव्हती.

आता नवे युग आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त पदवीची वाट मोकळी केली. जोड-अभ्यासक्रमात तीस टक्क्यांपर्यंत शिक्षण परदेशी घेता येते. वाट चांगली आहे. पण विमानाचे तिकीट कोण काढणार? मुलाच्या शिक्षणासाठी भविष्यनिर्वाह निधीतून उचल मागणारे कामगार मी रोज पाहतो. त्यांच्या घरी ते तीस टक्के म्हणजे बंद दार. जुन्या करारात खर्च दोन सरकारे उचलत होती. तो बापाच्या पगारावर आला, तर सहकार्य फक्त श्रीमंतांचे होईल.

म्हणून माझे मागणीपत्र तीन कलमांचे आहे. करार सहीपूर्वी जाहीर व्हावा. गरीब विद्यार्थ्याचा प्रवास आणि निवास यांचा खर्च करारातच लिहिलेला असावा. आणि प्राध्यापकांबरोबर प्रयोगशाळेतल्या साहाय्यकाला व यंत्रशाळेतल्या कारागिरालाही तिकडे शिकायला पाठवावे.

परक्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. पण सहीच्या वेळचे छायाचित्र पाहून कोणी टाळ्या वाजवू नयेत. आधी कलमे वाचावीत.