जुना लॅपटॉप आणि सोसायटीचं वाय-फाय

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात शनिवारच्या सायंकाळच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेबांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा म्हणाले, "सर, सोसायटीचा इतिहास सांगायला बरेच जण आहेत. तुम्ही जरा रोजच्या उपयोगाचं बोला." म्हणून मी आज जुन्या लॅपटॉपवर बोलणार आहे. हसू नका. आपल्या सोसायटीत कपाटावर, सोफ्याखाली, धान्याच्या कोठीमागे किती लॅपटॉप पडून आहेत, ते मला माहीत आहे, कारण त्यातले बरेचसे माझ्या टेबलावर येऊन गेलेत.

हे येतात कुठून? मुलगा पुण्याला नोकरीला असतो, तो नवीन घेतो आणि जुना दिवाळीला येताना आई-बाबांसाठी घेऊन येतो. काही २०२० च्या टाळेबंदीत आले. शाळा घरात आली आणि एका मोबाइलवर दोन पोरांचा अभ्यास भागेना, तेव्हा लोकांनी सोलापूरहून सेकंडहँड लॅपटॉप आणले. यंत्र ठणठणीत असतं. तक्रार सगळ्यांची एकच, "सर, चालू होतोय, पण वाय-फाय धरंना झालंय."

आता "वाय-फाय धरंना" म्हणजे डॉक्टरला "पोटात दुखतंय" सांगण्यासारखं आहे. नेमकं कुठं दुखतंय ते आधी विचारावं लागतं. आपल्या नेटवर्कचं नावच यादीत दिसत नाही, हे एक दुखणं. नाव दिसतं पण पासवर्ड घेत नाही, हे दुसरं. आणि जोडलं गेलं, तरी काहीच उघडत नाही, हे तिसरं. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. लोक तिन्हींवर एकच औषध करतात, ते म्हणजे राउटर बंद करून चालू करणं. कधी कधी लागूही पडतं, त्यामुळे त्यावरची श्रद्धा काही जात नाही.

नाव दिसत नसेल तर आधी लॅपटॉपच्या कडा चाचपून बघा. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपना पुढच्या किंवा बाजूच्या कडेला वाय-फायचं छोटं सरकतं बटण असायचं. पुसताना ते सरकतं आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. बटण नसेल तर वरच्या ओळीतल्या एखाद्या कळीवर अँटेनाचं चित्र असतं, ती एफएन कळीबरोबर दाबायची. आमच्या मजल्यावरच्या मावशींचा लॅपटॉप दोन वर्षं कपाटावर होता, तो एवढ्यानेच चालू झाला. त्यांनी मला पुरणपोळी दिली. मी एक बटण सरकवलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

बटण बरोबर असूनही नाव दिसत नसेल तर गोष्ट लहरींची असते. मार्च २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणलं आणि तेव्हापासून वाय-फाय लॅपटॉपच्या आतच बसून यायची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करणारा नियम आला. आजचे राउटर २.४ आणि ५ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात. बऱ्याच जुन्या लॅपटॉपना फक्त २.४ ऐकू येतं. राउटर लावणाऱ्याने २.४ बंद ठेवला असेल, तर शेजारी बसलेल्या फोनला नेटवर्क दिसतं आणि लॅपटॉपला दिसत नाही. आणखी एक बारकावा आहे. २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनेल चालतात, पण अमेरिकेच्या हिशेबाने बनलेले काही लॅपटॉप ११ च्या पुढे ऐकतच नाहीत. राउटर आपोआप १२ किंवा १३ वर गेला की यांच्या लेखी तो गायब. राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ पक्का करून टाकायचा. फुकटचं काम आहे.

आता दुसऱ्या दुखण्याकडे येतो. आजच्या बोलण्याचं खरं कारण तेच आहे.

आपल्या ऑफिसात, म्हणजे तळमजल्यावर, सोसायटीचा जुना लॅपटॉप आहे. सभासदांची नोंदवही, मेंटेनन्सची बिलं, बँकेची पत्रं, सगळं त्यात आहे. हॉलमध्ये फायबरचं नवीन कनेक्शन घेतलं, नवीन राउटर बसला, सगळ्यांच्या फोनवर सुरू झालं आणि ऑफिसचा लॅपटॉप काही केल्या जोडेना. राउटरवर सगळ्यात नवी सुरक्षा लावलेली होती, डब्ल्यूपीए-थ्री. ती २०१८ ची, लॅपटॉप त्याच्या कितीतरी आधीचा. कुलूप नव्या पद्धतीचं आणि हातात किल्ली जुनी. जोडणी करायला आलेल्या मुलाला पुढच्या गावाला जायची घाई होती. त्याने पासवर्डच काढून टाकला. "आता सगळ्यांचं चालेल," म्हणाला. चाललंही. आणि पुढच्या मीटिंगमध्ये आपल्यातल्याच काहींनी सुचवलं की असंच राहू द्या, आल्यागेल्याची सोय होते, पासवर्ड विचारायची भानगड नको.

सोयीचं म्हणणं मला कळतं. आपलं गाव सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचं. कोजागरीला सोलापूरहून चालत तुळजापूरला निघालेली हजारो माणसं आपल्या दारावरून जातात. त्यांना आपण पाणी देतो, चहा देतो, फोन चार्ज करायला देतो. मग वाय-फाय का नको? पण पाणी देणं आणि घराची किल्ली देणं यात फरक आहे. आणि ही नुसती भीती नाही, आपल्याच राज्यात घडलेली गोष्ट आहे.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या थोडंच आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका इमारतीत, तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी. ई-मेल त्याच्या कनेक्शनवरून गेला होता. तो पाठवणारा मात्र दुसराच कुणी होता, त्याने याचं कुलूप नसलेलं वाय-फाय वापरलं होतं. पण चौकशी आधी कुणाची झाली? ज्याच्या नावावर कनेक्शन, त्याची. त्याचे संगणक तपासायला गेले. पुढे २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय शोधायची मोहीम काढली आणि वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत दूरसंचार खात्याच्या सूचनाही आल्या.

आपल्या हॉलमधलं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे? सोसायटीच्या. उद्या कुणी पोलीस ठाण्यातून विचारायला आलं, तर उत्तर द्यायला उभे राहणार आपले अध्यक्ष आणि सचिव. बिनपगारी काम करणारी माणसं आहेत हो ती. वाय-फायच्या लहरी आपल्या कंपाउंडच्या भिंतीला मानत नाहीत, रस्त्यावर थांबलेल्या गाडीतही पोचतात.

मग ऑफिसच्या लॅपटॉपचं काय? तो तर जोडायलाच हवा. सोसायटीला वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, निबंधकांकडे विवरणपत्रं भरावी लागतात आणि ती आता ऑनलाइन असतात. इथे थोडं खोलात जातो, कारण "जुन्या यंत्राला जुनं कुलूप" असा सल्ला देणारे भेटतात.

वाय-फायचं पहिलं कुलूप होतं वेप, १९९७ चं. २००१ मध्ये तीन कूटलेखनतज्ज्ञांनी त्यातली भेग दाखवली आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट विद्यापीठातल्या संशोधकांनी ते मिनिटाच्या आत उघडून दाखवलं. म्हणजे ती नुसती कडी आहे, कुलूप नाही. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, ती तात्पुरती डागडुजी. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-टू आलं, ते आजही घरगुती वापराला चालतं. त्याच्यात एईएस नावाचा पर्याय असतो, तोच निवडायचा. २००६ पासून वाय-फायचं प्रमाणपत्र हवं असलेल्या नव्या उपकरणांना डब्ल्यूपीए-टू सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक लॅपटॉपना ते येतं. विंडोज एक्सपी असेल तर तिसरा सर्व्हिस पॅक, २००८ चा, टाकलेला हवा. म्हणजे आपल्या ऑफिसच्या लॅपटॉपसाठी पासवर्ड काढायची गरजच नव्हती. राउटरच्या सेटिंगमध्ये एक पायरी खाली उतरायचं होतं, तो मुलगा थेट रस्त्यावर उतरला.

आणि वेपवर किंवा जुन्या टीकेआयपीवर नेटवर्क आणलं की नुकसान सगळ्यांचं होतं. त्या पद्धतीत राउटरचा नवा वेग चालतच नाही, जास्तीत जास्त ५४ एमबीपीएसवर गाडी अडते. फायबरचे पैसे भरायचे आणि २००३ चा वेग घ्यायचा!

आता आपण काय केलंय ते सांगतो. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं. मुख्य नेटवर्कवर नवी सुरक्षा तशीच ठेवली. वेगळ्या नेटवर्कला २.४ चा पट्टा, डब्ल्यूपीए-टू आणि वेगळा पासवर्ड दिला. जुने लॅपटॉप तिकडे. त्यातल्या एखाद्यात व्हायरस निघाला तरी तो मुख्य नेटवर्कवरच्या यंत्रांकडे सहसा पोचू शकत नाही. ऑफिसचा लॅपटॉप तर मी सरळ लॅन केबलनेच जोडून दिला. राउटर पलीकडच्या भिंतीला आहे, वायरीला कसलं वाय-फाय लागतंय? वायर दिसायला बरी नाही दिसत, हे कमिटीतल्या ताईंचं म्हणणं मान्य आहे. पट्टी मारून घेऊ.

तिसरं दुखणं थोडक्यात, पण ते फसवं आहे. आमच्याच जिन्यातली एक मुलगी भरतीचा फॉर्म भरत होती. शेवटची तारीख, रात्रीचे नऊ वाजलेले. वाय-फाय जोडलेलं, पण कुठलीही साइट उघडली की लाल अक्षरात "कनेक्शन सुरक्षित नाही". वडील राउटर बंद-चालू करून दमले होते. मी लॅपटॉपच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. १ जानेवारी २००९. प्रत्येक साइटला ओळखपत्र असतं, त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या मते आजचं ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नव्हतं, म्हणून तो दार उघडेना. आतला नाण्याएवढा चपटा सेल संपला की लॅपटॉप तारीख विसरतो. तारीख लावली, साइट उघडली, साडेदहाच्या आत फॉर्म गेला. दुसऱ्या दिवशी तिने सोलापूरहून सेल बसवून आणला.

तारीख बरोबर असूनही उघडत नसेल तर ब्राउझर जुना झालेला असतो. एक्सपीसाठीचा पाठिंबा क्रोमने एप्रिल २०१६ मध्ये बंद केला आणि विंडोज सेव्हनसाठीचा २०२३ च्या सुरुवातीला. अशा यंत्रावर नेट चाललं तरी बँकेचं काम करू नका. माझ्या मते तरी हा नियमच समजा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघता येतं, आतलं काही पुसत नाही. जमलं तर कायमचं टाकायचं. सी-डॅकने आपल्याकडे बॉस नावाचं लिनक्स काढलंय. फार जुन्या ३२ बिटच्या यंत्रांना मात्र आता नवीन लिनक्सही कमीच मिळतं.

वाय-फायचं कार्डच गेलं असेल तर काही शे रुपयांत यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. खोक्यावर आपलं विंडोज लिहिलंय का, ते वाचून घ्या. तोही घ्यायचा नसेल तर अँड्रॉइड फोन वाय-फायला जोडा, चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. फोनच लॅपटॉपचं कार्ड होतो. एक्सपीवर हे जमेलच असं नाही.

पण खर्चाआधी एक विचारा, याच्यावर करायचं काय आहे? सहकारातलंच उदाहरण देतो. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात, कोल्हापूर-सांगलीतली ७० गावं संगणकांनी साखर कारखान्याशी जोडायचा प्रकल्प झाला. काही वर्षांनी अभ्यास झाला तेव्हा दिसलं की शेतकरी बहुतेक उसाचीच माहिती बघायला येतात. मग सात गावांत संगणकांऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर ते काम करून पाहिलं आणि ते चाललं. तेव्हा नातवाशी व्हिडिओवर बोलायला मोबाइल पुरत असेल, तर लॅपटॉपला त्रास देऊ नका. पण टायपिंग शिकायचं आहे, फॉर्म भरायचे आहेत, हिशोब ठेवायचा आहे, तर तो कपाटावरून खाली काढा.

वेगळ्या नेटवर्कचा पासवर्ड ऑफिसात मिळेल, वहीत सही करून घ्यायचा आणि दर तीन महिन्यांनी बदलणार आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा मी ऑफिसात बसतो. येताना चार्जर आठवणीने आणा, कारण आजवर एकाही जुन्या लॅपटॉपची बॅटरी मला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त टिकलेली आढळलेली नाही.