फिरत्या घराचा पत्रा



"उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात," हें वाक्य मीं तीस वर्षें मुलांकडून पाठ करवून घेतलें. त्याचा अर्थ मला स्वतःला कळला तो निवृत्त झाल्यावर, आणि तोहि एका अल्युमिनियमच्या पत्र्याकडून. ती हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

२०१९ सालीं मी अमेरिकेंत डेन्व्हर शहरीं मुलाकडे गेलों होतों. घरच्या मोटारखान्यांत तो एक ट्रेलर बांधीत होता. पाण्याच्या थेंबासारख्या आकाराची ही गाडी मोटारीमागें जोडून नेतात. आंत दोघांना निजण्यापुरती जागा असते, आणि पाठीमागचें झांकण वर उचललें कीं स्वयंपाकाचा ओटा. अशा गाड्या अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत निघाल्या. घरीं बांधण्याजोगा तिचा आराखडा १९४७ सालीं 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' या मासिकानें छापला होता. प्लायवूडचें अंग तयार झालें कीं त्यावर पत्रा चढवावयाचा, म्हणजे पावसापासून लांकूड वांचतें.

बाजूच्या भिंतीसाठीं ४ फूट रुंद व ८ फूट लांब असा पत्रा आणला होता. मुलगा म्हणाला, "अण्णा, पत्रा सगळीकडे चिकटवूं नये, नुसता कडेनें धरावा, असें जाणते लोक सांगतात." मीं उत्तर दिलें, "सैल काम तें अर्धें काम!" माझा शब्द त्यानें मोडला नाहीं. सकाळच्या गारव्यांत दोन्ही अंगांना गोंद फांसून आम्हीं पत्रा घट्ट बसविला. तो आरशासारखा दिसत होता.

दुसरे दिवशीं दुपारीं गाडी उन्हांत काढली. थोड्याच वेळांत टक् टक् असा आवाज येऊं लागला आणि पत्र्यावर तळहाताएवढे फुगे उभे राहिले. संध्याकाळीं त्यांतले कांहीं बसले, कांहीं तसेच राहिले. मुलगा एक शब्दहि बोलला नाहीं. मला तेंच अधिक लागलें.

रात्रीं मी हिशेब मांडावयास बसलों. उष्णमान एक अंश सेंटिग्रेड वाढलें कीं अल्युमिनियम आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारें २३ भाग वाढतें. ८ फुटी पत्रा ४० अंशांनीं तापला तर ही वाढ दोन मिलिमीटरांहून अधिक भरते. लांकूड त्या मानानें फारच थोडें वाढतें. चहूंकडून जखडलेल्या पत्र्यानें मग जावें कोठें? तो बाहेर फुगतो.

तो पत्रा फुकट गेला. नवा आणला, आणि या वेळीं मुलगा सांगेल तसें मीं केलें. पत्रा कडांशीं किंचित् आंखूड कापला. स्क्रूचीं भोंकें स्क्रूहून थोडीं मोठीं पाडलीं. कडेवर ब्यूटाइलची चिकट पट्टी लावून वर अल्युमिनियमची कडपट्टी बसविली; ही पट्टी मऊच राहते, म्हणून पत्रा सरकला तरी पाणी आंत शिरत नाहीं. स्क्रू स्टेनलेस पोलादाचे घेतले. पितळेचे किंवा तांब्याचे घेऊं नयेत, कारण ओल लागली कीं त्यांच्या संगतीनें अल्युमिनियम झिजूं लागतें. छपरावर जेथें दोन पत्रे मिळतात, तेथें वरच्याची कड खालच्यावर आणली, जशीं आपल्याकडे कौलें बसवितात तशी. पुढें एका रात्रीं पाऊस पडला. मुलगा व सूनबाई त्याच गाडींत निजलीं होतीं. सकाळीं अंथरूण कोरडें होतें.

आपल्या खेड्यांतला लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितो, ती तापवून. धाव निवाली कीं आकसते आणि लांकडाला आवळून धरते. धातूचा स्वभाव ओळखून त्यानें तो कामाला लावलेला असतो. मीं मात्र तो स्वभाव पुस्तकांत शिकविला आणि हातांतल्या पत्र्यांत ओळखला नाहीं. आपणांपैकीं कोणी अंगणांतल्या छपरावर किंवा दारावर पत्रा बसविणार असेल, तर त्यानें तो घट्ट धरावा, पण त्याला हलावयास जागा ठेवावी. आणि शेजारीं उभा असलेला मुलगा कांहीं सांगूं लागला, तर तें आधीं ऐकून घ्यावें.